कामगारांच्या शहरातील नित्याच्या गोष्टींची नोंद कशी ठेवावी?

प्रश्न: गिरण्या-कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या शहरातील भिंतींवरच्या पुसट जाहिराती, ओतशाळेचे नाव असलेली गटारांची झाकणे आणि पाळी सुटतानाची गर्दी यांची छायाचित्रे मी जमवीत आहे. हा नुसता ढीग न राहता पुढे अभ्यासकांच्या उपयोगी पडावा, यासाठी काय करावे?

उत्तर १: प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, वेळ, नेमकी जागा आणि कॅमेऱ्याची दिशा लिहावी. झाकणांवरील अक्षरे तिरप्या उजेडात टिपावीत, म्हणजे झिजलेली नावेही वाचता येतात.

उत्तर २: १९३७ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या सामान्य लोकांच्या रोजच्या जीवनाची पाहणी करणाऱ्या प्रकल्पाच्या निरीक्षकांनी बोल्टन या गिरण्यांच्या शहराला ‘वर्कटाउन’ असे टोपणनाव देऊन मद्यगृहांतील, रस्त्यांवरील, अगदी सुट्टीच्या दिवसांतील वागणुकीच्याही बारीक नोंदी केल्या आणि हम्फ्री स्पेंडर यांनी तेथे लपवलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे काढली. ती आज अमोल असली, तरी माणसांना न विचारता टिपण्याची ती रीत मला खटकते.

उत्तर ३: सहमत आहे. शिवाय विचारले की माणसे बोलू लागतात, आणि एखाद्या कोपऱ्याला कामगार कोणत्या नावाने ओळखतात हे नकाशात कधीच सापडत नाही.