डिझेल संपलं अन् गाडी पाणबुडीवर गेली

सचिव (ए-१०१): जनरेटरचं डिझेल तळाला लागलं. लिफ्ट चालू ठेवतो, पॅसेजचे दिवे बंद. लाइट कधी येईल विचारायला फोन करून राहिलो, कोणी उचलूनच नाही राहिलं. प्रत्येक फ्लॅटने ३५० रुपये पाठवा.

बी-२०२: पंधरा दिवसांपूर्वीच तर दिले ना भाऊ! कूलर बंद, लेकरू घामाने भिजलं, वरून वर्गणी.

सी-४०१ (धाकटा): अमेरिकेच्या व्हर्जिनिया जातीच्या अणुपाणबुडीत एकदा इंधन भरलं की ३३ वर्षं बघायचं काम नाही. आपण तसला जनरेटर घेऊ.

सचिव: घे बेटा. पुढच्या सभेत ठराव मांड, मी अनुमोदन देतो.

ए-३०४ काका: धाकट्याचं खरं आहे, पण अर्धं. ती ३३ वर्षं फुकटात नाही मिळत. निसर्गातल्या युरेनियममध्ये कामाचा युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के. अमेरिकी नौदल तो ९० टक्क्यांच्या वर नेतं, म्हणजे बॉम्बच्या तोडीचा. फ्रान्सची सुफ्रेन पाणबुडी नागरी अणुभट्ट्यांसारख्या कमी समृद्ध, म्हणजे २३५ चं प्रमाण कमी असलेल्या, इंधनावर चालते. त्यांना दहा-एक वर्षांनी इंधन बदलावं लागतं, म्हणून त्यांनी पाणबुडीच्या पाठीवर मोठं झाकणच ठेवलं. मला विचाराल तर फ्रेंच शहाणे.

बी-२०२: काका तुम्ही तर खडक तपासायचे ना?

ए-३०४ काका: हो ताई, अणुखनिज खात्यात. मध्य विभागाचं ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. पण आमचा दगड पुढे जातो कुठे, हे माणूस वाचतोच की.

डी-१०३ (नौदलवाले): मी डिझेल पाणबुडीवर होतो. बॅटरी उतरली की वर यायचं, नळी पाण्याबाहेर काढायची, इंजिन चालवून चार्जिंग करायचं. आम्ही त्याला स्नॉर्ट म्हणायचो. शत्रूला तेव्हाच सापडायची भीती. २६ जुलै २००९ ला विशाखापट्टणमला आपली अणुपाणबुडी अरिहंत पाण्यात उतरली, तेव्हा आमच्यातल्या जुन्या लोकांचे डोळे भरून आले होते.

सी-४०१: काका, अरिहंत दिवसाला किती युरेनियम खाते?

ए-३०४ काका: भट्टीचा छापून आलेला आकडा ८३ मेगावॉट. तो उष्णतेचा धर. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं की साधारण एक मेगावॉट दिवसभर मिळतो. म्हणजे पूर्ण ताकदीने चालली तरी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास. अर्धा पावही नाही. तेवढ्याच उष्णतेला आपला कोराडीवाला कोळसा चारशे टन लागेल, अन् राख वेगळी.

बी-२०२: ती राख आमच्या बाल्कनीत येते.

सी-४०१: मग साध्या अणुवीजकेंद्रातल्या इंधनगोळ्या का नाही भरत?

ए-३०४ काका: रोडगा अन् पोळी. रोडगा वरून कोमट लागतो, मोडला की आतल्या वाफेने बोटं भाजतात. पोळी तव्यावरून काढली की निवते. युरेनियम ऑक्साइड म्हणजे एक प्रकारची चिनीमातीच, उष्णता सहज सोडत नाही. जाड गोळी मधोमध तापून बसते. पाणबुडीत जागा कमी अन् वेग तर घडीघडीला बदलतो. म्हणून पातळ पत्रे. पहिल्या अमेरिकी पाणबुडीत, नॉटिलसमध्ये, युरेनियम-झिर्कोनियम मिश्रधातूच वापरला होता. ऑक्साइडचे कण धातूत पेरायचे, हा दुसरा मार्ग. झिर्कोनियम का, तर तो न्यूट्रॉन, म्हणजे भट्टी पेटती ठेवणारे कण, गिळत नाही. पण खनिजात त्याच्यासोबत हाफ्नियम येतो, तो मात्र अधाशासारखा गिळतो. दोघं रसायनाने जुळे भाऊ, वेगळे करता करता जीव जातो. अन् मग त्याच हाफ्नियमच्या नियंत्रण कांड्या करतात.

सचिव: काका, डिझेल.

डी-१०३: थांबा हो सचिव, इथं मजा येऊन राहिली. काका, भट्टी बंद केली की लगेच चालू होत नाही म्हणतात, ते काय?

ए-३०४ काका: झेनॉन! विखंडनातून आयोडीन-१३५ होतं, त्याचं झेनॉन-१३५ होतं, अन् ते न्यूट्रॉनचं भस्म्या रोगी. भट्टी चालू असते तेव्हा झेनॉन जळत राहतं. बंद केली की आयोडीनमधून बनणं चालूच, जळणं थांबलं. काही तास ते वाढतच जातं. गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, म्हातारा झाला असेल अन् जोर शिल्लक नसेल, तर तेवढा वेळ भट्टी पेटतच नाही. वीजकेंद्राचं ठीक आहे, उद्या चालू करू. समुद्राखाली कोण थांबणार? म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत जादा इंधन राखीव ठेवावं लागतं.

सी-४०१: मग नव्या गाभ्यात तर जोर जास्तच होईल ना?

ए-३०४ काका: शाब्बास. त्यासाठी गॅडोलिनियम किंवा बोरॉन मिसळतात. तेही न्यूट्रॉन गिळतात, अन् गिळता गिळता संपत जातात. लाडवाच्या डब्याशी आजी बसवल्यासारखं. डबा भरलेला तोवर पहारा कडक. लाडू संपत जातात तशी आजीही पेंगायला लागते.

सी-४०१: अन् ते ट्रायसो? कॉलेजात सर म्हणाले, जगातलं सगळ्यात दणकट इंधन.

ए-३०४ काका: दणकट आहेच. मिलिमीटरहून लहान दाणा, त्यावर कार्बन अन् सिलिकॉन कार्बाइडचे थर. १६०० अंशांलाही धीर सोडत नाही. पण नारळात खोबरं कमी, करवंटी जास्त. तेवढ्याच जागेत युरेनियम थोडं मावतं, गाभा फुगतो. पाणबुडीला उलटं पाहिजे. कमी समृद्ध ठेवायचं तर दर घन सेंटिमीटरला युरेनियम जास्त कोंबावं लागेल. ऑक्साइडमध्ये नऊ-साडेनऊ ग्रॅम बसतं, मॉलिब्डेनमच्या मिश्रधातूत पंधराच्या आसपास. अडचण अशी की आत वायू साठून तो फुगतो. खरी झटापट तिथे चालू आहे. ती जमली तर बॉम्बवाला माल समुद्रात फिरवायचं निमित्तच उरत नाही.

डी-१०३: अमेरिका ऐकेल?

ए-३०४ काका: त्यांना इंधन बदलायला मधे गोदीत जाऊन बसायचं नाही. तेही खोटं नाही म्हणा.

बी-२०२: लाइट आली!!!

सी-४०१: कूलर 🙏

सचिव: जनरेटर बंद केला. काका, रोडगे, आजी, लाडू सगळं समजलं. ३०४ ची मागच्या वेळचीही वर्गणी बाकी आहे.

ए-३०४ काका: धाकट्या, ते फोनवरून पैसे पाठवायचं जरा येऊन दाखव ना बाप्पा.