मदत हवी आहे: फेरोसीन जोडलेला डीऑक्सियुरिडीन, सोनोगाशिरात (पॅलॅडियमने अल्काइन, म्हणजे ट्रिपल बाँडवाला रेणू, जोडण्याची अभिक्रिया) रिंग बंद होतेय

नमस्कार मंडळी,

इथे ऑरगॅनिकवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. डीऑक्सियुरिडीनच्या (बेस अधिक साखर असा न्यूक्लिओसाइड) पाचव्या जागी एथायनिलफेरोसीन (लोखंड असलेलं नारिंगी फेरोसीन, त्याला ट्रिपल बाँड) जोडायचंय. पुढे त्याचा फॉस्फोरामिडाइट (डीएनए बनवताना साखळीत जोडता येणारं रूप) करून डीएनएच्या साखळीत घालायचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्सिडेशनवरून ती साखळी इलेक्ट्रोडवर ओळखता येईल.

सध्याची कृती अशी: ५-आयोडो-२′-डीऑक्सियुरिडीन (साखर उघडीच, म्हणजे संरक्षक गट न लावता), टेट्राकिस पॅलॅडियम, कॉपर आयोडाइड, ट्रायएथिलअमीन, कोरडं डीएमएफ, आर्गॉन, ५० अंशाला रात्रभर. सकाळी टीएलसीवर (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) आयोडो संपलेला असतो, पण नारिंगी स्पॉट दोन, एकमेकांना चिकटून. मास स्पेक्ट्रममध्ये दोन्हींचं वस्तुमान ४३६च. उलगडा झाला तो डीएमएसओतल्या प्रोटॉन एनएमआरवर. एकात ११.६ च्या आसपास एनएच आहे. दुसऱ्यात तो गायब, आणि सातच्या अलीकडे एक नवा सिंग्लेट! म्हणजे चौथ्या कार्बनवरचा ऑक्सिजन ट्रिपल बाँडवर चालून गेला आणि फ्युरोपिरिमिडीन (बेसला चिकटून आणखी एक रिंग) झाला.

हे तांब्याचं जुनंच काम आहे. कार्डिफ आणि लूव्हेनच्या गटांनी हीच रिंग मुद्दाम बंद करून कांजिण्या-नागिणीच्या विषाणूवर फार प्रभावी रेणू मिळवले. मला मात्र ती अजिबात नकोय. एन-३ वर प्रोटॉन उरला नाही तर समोरच्या अ‍ॅडेनीनशी जोडी कशी जमणार?

एन-३ ला बेंझॉइल लावता येईल, पण दोन पायऱ्या वाढतात आणि माल आधीच थोडा आहे. तांबं पूर्ण वगळून कोणी केलंय का? मुंबईच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) पीटॅब्स हा पाण्यात विरघळणारा लिगँड (पॅलॅडियमला धरणारा रेणू) वापरून उघडे न्यूक्लिओसाइड पाण्यात जोडतात, ते काम मला फार आवडलं. पण एथायनिलफेरोसीन पाण्यात विरघळत नाही. अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळून चालेल?

आणखी एक. कॉलमवर नारिंगी पट्ट्यामागे हिरवट शेपूट राहते आणि त्या फ्रॅक्शनचे एनएमआर सिग्नल पसरट येतात.

प्रतिसाद:

ताई, आधी तापमान उतरवा. ही जोडणी खोलीच्या तापमानालाही होते. रिंग बंद होते ती जोडणी झाल्यावर, म्हणून रात्रभर ठेवू नका. तासातासाला टीएलसी बघा आणि आयोडो संपला की तिथेच थांबवा. मुद्दाम रिंग बंद करणारे लोक कॉपर आयोडाइड आणि ट्रायएथिलअमीन घालून मेथॅनॉलमध्ये उकळतात; तुमची ५० अंशाची रात्र त्याच वाटेवर आहे. कॉपरही कमी करून बघा. डीगॅसिंग मात्र नीट हवं, नाहीतर अल्काइन आपापसात जोडून डायाइन होतो आणि तोही नारिंगीच दिसतो.

हिरवी शेपूट म्हणजे फेरोसेनियम, फेरोसीनचं ऑक्सिडेशन झालेलं रूप. सिलिकाला एक टक्का ट्रायएथिलअमीन लावून घ्या. तरी सिग्नल पसरट आले तर नमुना अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने धुवा, लोखंडाचं ऑक्सिडेशन उलटून परत फेरोसीन होतं.

बेंझॉइलचा विचार यानंतरच करा. अ‍ॅसिटोनायट्राइल-पाण्याचं मी स्वतः केलेलं नाही, कोणी केलं असेल तर सांगा.