लेकरांना मोठं मत्स्यालय दाखवायचंय, मुंबई का अहमदाबाद?

परभणीची_माय

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्ट्यांत लेकरांना मोठं मत्स्यालय दाखवावं असं चाललंय, थोरली सात वर्षांची, धाकटं साडेतीनचं. थोरलीनं मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ बघितला, माणसं काचेच्या बोगद्यातून चाललेत अन् डोक्यावरून शार्क जायलाय, तेव्हापासून घरात दुसरा विषयच नाही. आपल्याकडं कुठला आलाय समुद्र, लेकरांनी पाणी बघितलं ते गोदावरीचं नाहीतर येलदरीचं. ह्यांचं म्हणणं मुंबईला जाऊ, रेल्वे सरळ आहे अन् नणंदबाई ठाण्याला राहतात. जाऊबाई म्हणायल्यात अहमदाबादच बघा, सायन्स सिटीतलं. सोबत सासूबाई पण येणारेत, त्यांचे गुडघे दुखतात. लहान लेकरं घेऊन कोणी गेलंय का? वेळ किती लागतो, धाकटं अंधाराला घाबरतं त्याचं काय करावं, अन् खायचं काय? उगं एवढ्या लांब जायचं अन् लेकरानं पाचव्या मिनिटाला "घरी चल" म्हणायचं, असं नको व्हायला.

जालना_जंक्शन

वहिनी, मुंबईचं तारापोरवाला डोक्यातून काढून टाका. 1951 सालचं, लई नाव होतं त्याचं, 2015 ला नवं करून त्यात छोटा बोगदा पण केला होता, पण कोविडात बंद झालं ते बंदच, पुढं बिल्डिंग धोकादायक ठरली. अजून कितीतरी लोक जुने फोटो बघून चर्नी रोडला उतरतात अन् बाहेरूनच माघारी फिरतात.

मुंबईत लेकरांसाठी सध्या राणीची बाग. पेंग्विन आहेत तिथं, 2016 ला दक्षिण कोरियातून आणलेले. पाण्याखाली पोहताना काचेतून दिसतात, लेकरं खुश. फक्त बुधवारी बंद असतं. पण बोगदा अन् शार्क पाहिजे असंल तर मग अहमदाबादच.

लातूरकर_ताई

आम्ही गेलतो अहमदाबादला, माझा तेव्हा चारचा होता. सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी तारखांचं बघा. दिवाळीत जाणार म्हणता, पण पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत गुजराती माणूस दुकान बंद करून फिरायला निघतो, त्या दिवसांत बाजार अर्धा बंद अन् बघायच्या ठिकाणी पाय ठेवायला जागा नाही. आपल्या शाळा उघडायच्या आधीचे शेवटचे दोन-तीन दिवस मिळाले तर ते धरा. सोमवारी सायन्स सिटी बंद, म्हणून रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी पोचायचं असलं काही करू नका. मंगळवार-बुधवार सकाळी गेट उघडायलाच जा.

दुसरं म्हणजे सायन्स सिटी अन् मत्स्यालय एकच समजू नका. सायन्स सिटीचा पसारा शंभर हेक्टरच्या वर आहे, मत्स्यालय त्यातली एक इमारत, 2021 ला चालू झालेली. आत शिरायचं तिकीट वेगळं, मत्स्यालयाचं वेगळं, रोबोटचं अजून वेगळं. लोक काय करतात, पैसे दिलेत ना मग सगळं एका दिवसात उरकायचं म्हणून आधी रोबोट, मग थ्रीडी, मग उन्हात बाग, अन् मत्स्यालयाला पोचेपर्यंत लेकरू खांद्यावर झोपलेलं. तुम्ही सरळ मत्स्यालयात जा. बाकीचं राहिलं तर राहिलं.

आत 68 टाक्या आहेत. सगळ्या बघायच्या ठरवल्या तर मोठ्या माणसाला पण तिसाव्या टाकीनंतर सगळे मासे सारखेच दिसायला लागतात. आमच्या पोरानं तर एका टाकीपुढं बूड टेकलं. वाळूत एक चपटा मासा पुरून बसलेला, नुसते दोन डोळे वर, अन् हा पठ्ठ्या तो कधी हलतो म्हणून वाट बघत बसला. ह्यांची चुळबुळ चालू, पुढं शार्क आहे चल, पुढं बोगदा आहे चल. मी म्हणलं बसू द्या. बऱ्याच वेळानं तो मासा उठला, वाळू उडाली अन् पोरगं इतक्या जोरात ओरडलं की चार माणसं वळून बघायला लागली! घरी आल्यावर शार्कचं नाव नाही, त्या वाळूतल्या माशाचंच सांगत होता सगळ्यांना. तर तुमच्या लेकरांना जिथं थांबावं वाटंल तिथं थांबू द्या, पंधरा टाक्या झाल्या तरी पुरे.

घाबरण्याचं म्हणाल तर अंधार आहे आत, टाकीचा निळा उजेड तेवढा. धाकट्याला आधी छोट्या माशांच्या टाक्या दाखवा, डोळे सरावू द्या, लगेच बोगद्यात नेऊ नका. बोगद्यात शार्क एकदम डोक्यावर येतो तेव्हा कडेवर घ्या.

पैठणचा_पाव्हणा

मासे बघायला अहमदाबाद कशाला बाप्पा, नाथसागरावर या, सकाळी भोई जाळं काढतात तेव्हा रोहू, कटला, मरळ सगळं जिवंत बघायला मिळतंय अन् तिकीट पण नाही. वाटलं तर दोन किलो घरी पण न्या 😄

परभणीची_माय

भाऊ, आमच्या सासूबाई माळकरी आहेत, त्यांच्यापुढं किलोची भाषा नको 🙏

निवृत्त_विज्ञानमास्तर

जायच्या आधी लेकरांना थोडं सांगून ठेवा, म्हणजे बघायला जास्त मजा येते. थोरलीला हे विचारायला लावा की मासे झोपताना डोळे मिटतात का. बहुतेक माशांना पापण्याच नसतात, डोळे उघडे ठेवूनच एका जागी मंद होतात. काही जातीचे शार्क तळाला निवांत पडून तोंडानं पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडू शकतात, काहींना मात्र श्वासासाठी पोहतच राहावं लागतं. तिथं पडलेला शार्क दिसला की लेकरू म्हणणार मेला, मेलेला नसतो तो. स्टिंगरे नावाचा चपटा मासा काचेला चिकटून वर सरकला की खालून हसरा चेहरा दिसतो, पण डोळे वाटतात त्या नाकपुड्या असतात, खरे डोळे पाठीवर. समुद्रघोडा दिसलाच तर सासूबाईंना मुद्दाम सांगा, तिथं अंडी पोटाच्या पिशवीत नर सांभाळतो.

अजून एक गंमत. बोगद्याची अन् मोठ्या टाक्यांची काच ही काच नसतेच, जाड ॲक्रिलिक, म्हणजे एक पारदर्शक प्लॅस्टिक असतं. जाड काचेला हिरवट झाक येते, ॲक्रिलिक स्वच्छ राहतं अन् त्याला वाकवता पण येतं. त्यात सपाट भिंतीतून मासा खऱ्यापेक्षा जवळ अन् मोठा दिसतो, बोगद्याच्या गोलाईतून तोच लहान वाटतो. म्हणून बोगद्यात "एवढाच का शार्क?" असं लेकरू म्हणालं तर त्याला तोच शार्क सपाट भिंतीतून परत दाखवा.

फोटो काढताना फ्लॅश बंद. माशाला त्रास, अन् फोटोत नुसता पांढरा गोळा. काचेवर टकटक पण करू देऊ नका.

जालना_जंक्शन

मास्तर, शार्क बाकीच्या माशांना खात कसा नाही हो? माझ्या पोरीनं विचारलं तेव्हा मी विषय बदलला.

निवृत्त_विज्ञानमास्तर

पोट भरलेलं ठेवतात, ठरलेल्या वेळी खायला घालतात, अन् सोबतचे मासे पण आकार-स्वभाव बघून निवडलेले असतात. तरी एखादा कधी गट्टम होतोच. पोरीला खरं सांगून टाका, लेकरांना चालतं ते.

लातूरकर_ताई

सासूबाईंचं राहिलंच. गेटपासून चालणं भरपूर आहे, तिकिटाच्या खिडकीवरच आत बॅटरीची गाडी, व्हीलचेअर काय मिळतंय ते आधी विचारा, मग निघा. खायचं म्हणाल तर गुजराती डाळ-भाजीला गोडसर चव, आमच्या घरात कोणाच्या घशाखाली उतरंना, मी धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती ती बाहेर बागेत बसून खाल्ली. आत डबा उघडू देत नाहीत. धाकट्याला आत जायच्या आधी सू-शी करून घ्या अन् त्याच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका, अंधारात अन् गर्दीत हात सुटायला वेळ लागत नाही. स्ट्रॉलर बोगद्यातल्या गर्दीत आडवाच येतो, नेऊ नका.

परभणीची_माय

सगळ्यांचे लई आभार. मग अहमदाबादच. संभाजीनगरपर्यंत रेल्वे, तिथून रात्रीची स्लीपर ट्रॅव्हल्स असं चाललंय. धाकट्याला गाडी लागते, त्याला कोणती सीट घेऊ?

लातूरकर_ताई

खालची, मधली. मागची कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका.