अनुभव धागा: पदवीच्या गणित-भौतिकशास्त्रातले अडलेले प्रश्न आणि ऑनलाइन मिळालेली मदत

वहीतले पान
गेल्या रविवारी कोथरूडच्या घरातला माळा आवरताना बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची दोनशे पानी वही हाती लागली. तिच्यात एका पानावर लाल शाईने तीनदा अधोरेखित केलेले ‘३.५ कसे?’ हे शब्द दिसले आणि मी हातातले फडके बाजूला ठेवून खालीच बसले. तीस अंशांच्या उतारावरून भरीव गोळा न घसरता गडगडत खाली येतो, तर त्याचे त्वरण किती, असा तो प्रश्न होता. घर्षण गुणांक ०.४ दिलेला होता. मी घर्षणबल म्हणजे घर्षण गुणांक गुणिले लंबबल असे सरळ मांडले आणि उत्तर १.५ काढले. पुस्तकामागच्या उत्तरांत मात्र ३.५ छापलेले होते.

वर्गात विचारायचा धीर नव्हता आणि घरी कोणाला भौतिकशास्त्र येत नव्हते. डेक्कनच्या एका सायबर कॅफेत बसून मी तो प्रश्न, माझ्या सगळ्या पायऱ्यांसह, ऑनलाइन विचारला. दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी माणसाचे एकच वाक्य आले होते: घर्षणबल नेमके तेवढेच असते, हे तुम्ही कशावरून धरलेत? उत्तर न देता उलट प्रश्न केला म्हणून मला तेव्हा रागच आला. परतताना बसमध्ये, कर्वे रस्त्यावर, एकदम लख्ख झाले की तो गुणाकार ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे आणि प्रत्यक्षातले घर्षण गडगडण्यासाठी लागते तेवढेच असते. मग घर्षण अज्ञात धरून दोन समीकरणे मांडली, एक बलाचे आणि एक टॉर्कचे, म्हणजे फिरवणाऱ्या परिणामाचे. घर्षण वस्तुमान गुणिले त्वरणाच्या २/५ आले, आणि ४.९ ला (९.८ गुणिले तीस अंशांचा साइन) ५/७ ने गुणल्यावर बरोबर ३.५.

माझी भाची यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही कोणत्या प्रश्नाला अडला होतात आणि मदत करणाऱ्याने नेमके काय केले, ते लिहिलेत तर तिला वाचायला देईन.

नऱ्हेगावकर
एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी माझा हा एकच विषय राहिला आणि तो सोडवेपर्यंतचे सहा महिने मी विसरणार नाही. आयआयटी आणि आयआयएससी यांनी मिळून २००३ साली सुरू केलेल्या एनपीटेलची व्याख्याने मी रात्री जेवणानंतर पाहत असे. सुरुवातीला सलग पाहत गेलो, सगळे समजल्यासारखे वाटले, आणि कागद घेतल्यावर एकही गणित सुटले नाही. मग मी पद्धत बदलली. फळ्यावर प्रश्न उमटला की व्हिडिओ थांबवायचा आणि अर्धा तास स्वतः झटल्याशिवाय पुढे सरकायचे नाही.

चौरस तरंगाची फूरिए मालिका (साइन-कोसाइनच्या बेरजेच्या रूपात मांडणी) काढताना मी कोसाइनच्या सहगुणकांसाठी पानभर इंटिग्रल सोडवले आणि शेवटी सगळे शून्य आले. व्हिडिओ पुढे नेला, तर प्राध्यापकांनी आधी आलेख काढला होता आणि फलन सम आहे की विषम, एवढेच विचारले होते. विषम असेल तर कोसाइनची पदे येणारच नाहीत. त्यानंतर आलेख काढल्याशिवाय मी एकही इंटिग्रल हाती घेतलेला नाही.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ
मी दुसऱ्या बाजूची आहे. निवृत्तीनंतर रोज सकाळी पूजा आटोपली, की तासभर मुलांच्या ऑनलाइन प्रश्नांना उत्तरे देते. आमच्या वेळी एखाद्या प्रमेयात अडलो, तर जयकर ग्रंथालयात बसायचे, नाहीतर गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणित-संस्थेत कोणी जाणकार भेटतो का ते पाहायचे. पुण्यात राहत होतो म्हणून तेवढे तरी जमत असे. आज गडहिंग्लजच्या किंवा उदगीरच्या मुलीला घरबसल्या विचारता येते, याचे मोल मला फार वाटते.

परंतु पुष्कळ मुले पुस्तकाच्या पानाचा तिरका फोटो पाठवतात आणि खाली ‘उद्या परीक्षा आहे’ एवढेच लिहितात. अशा वेळी मी एकच विचारते, की कुठपर्यंत आलास? मध्यंतरी एका मुलाने एक्सचा वर्ग हे फलन २ या बिंदूपाशी संतत आहे, हे एप्सिलॉन-डेल्टाने, म्हणजे संततेच्या काटेकोर व्याख्येने, सिद्ध करायला मागितले होते. त्याने एक्स वर्ग वजा चारचे अवयव पाडले होते, पण एक्स अधिक दोन या अवयवाचे काय करावे, हे न सुचल्याने डेल्टा म्हणून एप्सिलॉन भागिले एक्स अधिक दोन असे लिहून मोकळा झाला होता. डेल्टा एक्सवर अवलंबून चालत नाही. मी त्याला उत्तर दिले नाही. एक्स जर दोनपासून एकाहून कमी अंतरावर ठेवला, तर एक्स अधिक दोन जास्तीत जास्त किती होईल, एवढेच विचारले. वीस मिनिटांनी त्याचे उत्तर आले: पाचापेक्षा कमी, म्हणून डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉनचा पाचवा भाग यांतली लहान संख्या. पूर्ण सिद्धता मी दोन मिनिटांत लिहून दिली असती, पण मग ती माझी राहिली असती.

आंबेगाव बुद्रुक
ताई, तुमच्यासारख्या कोणाची गाठ आमच्या वेळी पडली असती, तर फार बरे झाले असते.

जुन्नरहून
माझे बारावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. पुण्यात वसतिगृहावर आलो, तेव्हा गणिताइतकीच भीती इंग्रजीची होती. अभिसरण म्हणजे काय ते ठाऊक होते, पण ‘युनिफॉर्म कन्व्हर्जन्स’ (एकसमान अभिसरण) ऐकले की हात थांबत असे. ऑनलाइन प्रश्न विचारायचा, तर चार वाक्ये इंग्रजीत लिहिण्यात तास जाई. एकदा धीर करून चिन्हांतच सगळे मांडले आणि शब्द फक्त तीन लिहिले. तरीही उत्तर आले. शून्य ते एक या अंतरात एक्सचा एनवा घात घ्या, एक्स ०.९ असताना तो ०.०१ च्या खाली जायला किती घात लागतात आणि ०.९९ असताना किती, ते मोजून पाहा, असे त्यात सुचवले होते. मी कॅल्क्युलेटर घेऊन मोजले. पहिल्याला ४४ लागले आणि दुसऱ्याला ४५९. एक्स एकाच्या जितका जवळ जाईल तितकी ही संख्या वाढत जाते, सर्वांना पुरेल असा एकच आकडा मिळत नाही, आणि व्याख्येत ‘युनिफॉर्म’ हा शब्द कशासाठी आहे, ते मला त्या दोन आकड्यांनी शिकवले.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ
जुन्नरहून, हे उदाहरण मी उद्यापासून वापरणार आहे. मराठीत प्रश्न आला, तर मी मराठीतच उत्तर देते, हे तुमच्या गावाकडच्या मुलांना अवश्य सांगा.

कात्रज
माझा अनुभव टंकलेखनाचा आहे. समीकरणे नीट दिसावीत, म्हणून डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीवर आधारलेले लाटेक मी शिकलो. प्रत्येक कंस उघडून मिटवावा लागतो, त्यामुळे प्रश्न टंकताना माझीच चूक मला सापडत असे. निम्मे प्रश्न मी न विचारताच पुसून टाकले आहेत.

एमएस्सी, भाग एक
मी आत्ताच शिकतो आहे, म्हणून आजची गोष्ट लिहितो. उत्तर लिहून देणाऱ्या एका संगणकीय मदतनीसाला मी विचारले, की मूलबिंदूपासून बाहेर रोखलेल्या आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असलेल्या सदिश क्षेत्राचा डायव्हर्जन्स (एखाद्या बिंदूतून क्षेत्र किती बाहेर पसरते, ते) किती. त्याने सुबक पायऱ्या लिहून शून्य असे उत्तर दिले आणि मी ते जर्नलमध्ये उतरवले. तोंडी परीक्षेत सरांनी शांतपणे विचारले, की मग एक मीटर त्रिज्येच्या गोलातून बाहेर पडणारा फ्लक्स (एकूण प्रवाह) किती? तो ४π (चार पाय) येतो, हे मला येत होते. डायव्हर्जन्स सगळीकडे शून्य असेल, तर हे चार पाय आले कुठून, यावर मी गप्प झालो. मूलबिंदूपाशी ते सूत्रच लागू पडत नाही आणि सगळे योगदान त्या एकाच बिंदूतून, डिरॅक डेल्टाच्या (एकाच बिंदूत एकवटलेल्या फलनाच्या) रूपाने येते, हे सरांनी नंतर समजावले. पायऱ्या चुकीच्या नव्हत्या, मूलबिंदू वगळल्याचे मात्र कुठेच लिहिलेले नव्हते, आणि मीही ते शोधले नव्हते. आता मिळालेले प्रत्येक उत्तर मी दुसऱ्या एखाद्या मार्गाने पडताळून पाहतो.

वहीतले पान
सर्वांचे मनापासून आभार. भाचीने सगळे वाचले आणि तिचाच एक प्रश्न निघाला: त्याच उतारावरून भरीव गोळ्याच्या जोडीला तेवढ्याच वस्तुमानाचा आणि त्रिज्येचा पातळ पोकळ गोळा सोडला, तर आधी कोण पोहोचेल? ती म्हणते, वस्तुमान सारखे आहे, तर दोघे बरोबरच यायला हवेत.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ
तिला विचारा, वस्तुमान सारखे असले तरी ते मध्यापासून किती दूर आहे, हे कोणत्या समीकरणात येते?

वहीतले पान
रात्री साडेदहाला तिने पान आणून दाखवले. टॉर्कच्या समीकरणात पोकळ गोळ्यासाठी २/५ च्या जागी २/३ येते, त्यामुळे त्याचे त्वरण २.९४ झाले. भरीव गोळा आधी पोहोचतो. आता पोकळ नळकांडे घेऊन बसली आहे.