अल्बेनिया वाईट नाही, बॅगा जड होत्या

सह्यभटका:
काल एका ताईंनी इथे लिहिलं की अल्बेनियात आठ दिवस वाया गेले. रस्ते दगडांचे, बसचा ठावठिकाणा नाही, पोटात काही पडत नाही, त्यापेक्षा स्वित्झर्लंड परत केलं असतं तर बरं झालं असतं. खाली लगेच रांग लागली, "बरं झालं सांगितलंत, आम्ही बेत रद्द करतो." हे वाचून मला राहवत नाही, म्हणून जरा लांबण लावतोय.

ताई, तुम्हीच लिहिलंय की तिघांत चार मोठ्या चाकांच्या बॅगा होत्या. खरं कारण तिथे आहे. दक्षिणेतल्या जिरोकास्तर या डोंगरातल्या गावी बस खालच्या हमरस्त्यावर सोडते. जुनं गाव वर, बाजारातून चढत जायचं. पायऱ्या नसलेली जेजुरी समजा. काळ्या-पांढऱ्या दगडांची नक्षी, पायांनी घासून गुळगुळीत झालेली, आणि दोन दगडांमध्ये बोटभर फट. माझ्यासमोर एका माणसाच्या बॅगेचं चाक त्या फटीत अडकून तुटलं आणि उतारावरून गडगडत निघालं. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या आजोबांनी ते पायाने अडवलं, उचलून पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. त्या माणसाने पुढचा अर्धा तास मान वर करून काही बघितलं नाही. बघायला होती ती सपाट दगडांनी शाकारलेली घरं, ज्यांच्यासाठी २००५ साली हे गाव जागतिक वारसा झालं. किल्ल्यावर १९५७ साली अल्बेनियात उतरवलेलं अमेरिकी लष्करी विमान अजून उभं आहे. चाळीस वर्षं देश कुलपात ठेवणारा हुकूमशहा एन्वर होजा आणि लेखक इस्माईल कादारे, दोघेही याच गावचे.

माझी ३५ लिटरची सॅक सात किलोच्या आत होती. तीन शर्ट, दोन पँटी, एक जाकीट. रात्री धुवायचं, गेस्टहाउसच्या दोरीवर वाळत घालायचं. फुर्गोन, म्हणजे आपली वडाप, भरली की सुटते आणि तिच्यात सामानाला जागाच नसते. सॅक मांडीवर घेतली की झालं. देशाला नावं ठेवण्याआधी काय घेऊन गेलो होतो ते बघावं, एवढंच म्हणणं आहे.

मीच ती ताई:
मीच ती. तुम्ही एकटे गेलात. माझ्याबरोबर चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई होत्या. त्यांचं इन्सुलिन, ते गार ठेवायची पिशवी, गुडघ्याचे पट्टे, कमोडवर बसवायचं उंच सीट, तीन आठवड्यांची औषधं. ती एक बॅग भरली. त्या अंडंसुद्धा खात नाहीत, म्हणून भाजणी, मेतकूट, लाडू, दशम्या, चटण्या आणि छोटी इलेक्ट्रिक शेगडी. दुसरी बॅग. सात किलोत हे बसवून दाखवा. राजधानी तिरानाला उतरल्यावर वेगवेगळ्या दिशांच्या बस वेगवेगळ्या ठिकाणांहून, आणि वेळ विचारली तर प्रत्येक जण वेगळी सांगतो. उन्हात म्हाताऱ्या माणसाला घेऊन उभं राहिल्यावर मला होजाचा इतिहास आठवत नाही.

मुक्काम स्टुटगार्ट:
औषधांचं शंभर टक्के पटलं. पण खाण्याचं नाही. माझे आईवडील दर वर्षी येतात आणि दर वर्षी निम्मी बॅग डबे. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध-दुभतं आणि मांस आणता येत नाही, हे मी फोनवर दहा वेळा सांगितलं होतं. तरी गेल्या वर्षी आईने साजूक तुपाची बरणी आणि पेढे आणले, ते विमानतळावर काढून घेतले. ती तिथेच रडायला लागली. तूप घरचं होतं, महिनाभर साय साठवून कढवलेलं. मला तिचं रडणं बघवेना आणि रागही आवरेना. अल्बेनिया युनियनमध्ये नाही, पण बरेच जण ग्रीसमार्गे, कॉर्फू बेटावरून बोटीने अल्बेनियातल्या सरांदा बंदराला जातात, म्हणजे आधी शेंगेनच लागतं, युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा व्हिसा.

सह्यभटका:
आणि खायला मिळत नाही हे चूक आहे. पालकाचं बिरेक, म्हणजे पातळ पापुद्र्यांची भरलेली भाजलेली पोळी, कोपऱ्याकोपऱ्यावर गरम मिळतं. त्यांचं दही आपल्या दह्यासारखं. त्याचं पातळ केलेलं 'धाल' म्हणजे थेट ताक, फक्त जिरं नाही. चहाला ते 'चाय'च म्हणतात, बाजाराला 'पझार', पिशवीला 'चेसे', जो आपल्या खिशाचाच फारसी भाऊबंद. तुर्कांमार्फत गेलं सगळं. भरल्या मिरच्या मागताना आत खिमा आहे का ते विचारून घ्यावं. जिरोकास्तरचे पुदिना घातलेले भाताचे गोळे, 'चिफ्ची', अप्रतिम असतात, पण त्यात अंडं असतं. सासूबाईंना चालणार नाही, हे मान्य.

चिंचवडची काकू:
इतके प्रतिसाद झाले, पण कुणी विचारलं नाही की त्या चार बॅगा भरल्या कुणी?

सह्यभटका, तुम्ही तीन शर्ट घेऊन फिरलात, छान. आमच्याकडेही एक सात किलोवाले आहेत. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मित्रांना सांगतात, "मी तर एका सॅकवर जग फिरतो." त्यांची ब्लडप्रेशरची गोळी माझ्या पर्समध्ये. चार्जर माझ्याकडे, छत्री माझ्याकडे, पासपोर्टच्या झेरॉक्स माझ्याकडे. बल्गेरियात रिला मठाला गेलो तेव्हा वर गारठा होता आणि त्यांच्याकडे स्वेटर नव्हता, कारण सॅक हलकी ठेवायची होती. माझ्या बॅगेतून माझी शाल निघाली, त्यांच्या खांद्यावर गेली, आणि मी त्या चित्रांच्या भिंतींसमोर हात काखेत घालून उभी राहिले. संध्याकाळी हॉटेलवर मलाच विचारलं, "तुझी बॅग एवढी जड कशी होते गं?"

सहलीच्या आधीचे चार दिवस बाई भाजणी भाजते, डबे भरते, औषधं मोजते. मग विमानतळावर वजनकाट्यासमोर बॅग उघडून सगळ्यांदेखत सामान काढायची लाजही तिचीच.

ठाणेकर:
काकू, विषय अल्बेनियाचा चालू आहे. प्रत्येक धाग्यात नवराबायको आणायलाच पाहिजे का? माझी बॅग मी स्वतः भरतो, मित्रही भरतात. सरसकट बोलू नका.

चिंचवडची काकू:
तुमच्या मुलांची बॅग कोण भरतं? आईवडिलांची?

ठाणेकर:
मुलांची बायको भरते, कारण मुलांना काय लागतं ते तिला जास्त ठाऊक आहे. यात अन्याय काय?

मुक्काम स्टुटगार्ट:
ठाणेकर, तिला ठाऊक आहे कारण आपण कधी करून घेतलं नाही. मी हे आत्ता लिहितोय आणि मला वाईट वाटतंय. तुपावरून आईला मी विमानतळावरच बोललो होतो. बाबांना औषधं कुठल्या खणात आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं, त्यांना मी काही बोललो नाही.

ठाणेकर:
तुमच्या घरचं तुम्ही बघा. मला इथे येऊन अपराधी वाटून घ्यायचं नाही. मुलांची बॅग मी एकदाही भरलेली नाही, हे खरं आहे. लिहिलं, पुरे आता.

मीच ती ताई:
काकू, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. भाजणी मीच भाजली होती, रात्री अकरा वाजता, ऑफिसमधून आल्यावर. बेरात गावी असताना नवरा तिथल्या किल्ल्यावर फिरायला गेला. आत अजून लोक राहतात, अंगणात कपडे वाळत होते, आतल्या चर्चमध्ये ओनुफ्री या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रं आहेत, असं तो येऊन सांगत होता. तेव्हा मी गेस्टहाउसमध्ये शेगडीवर सासूबाईंचा मऊभात करत होते. देश वाईट होता असं मी लिहिलं. मी तो बघितलाच नव्हता.

पण सह्यभटका, तुमचा सूर मला आवडलेला नाही. "कारण तिथे आहे" म्हणून बॅगेवर बोट ठेवलंत, ती का भरली ते विचारलं नाहीत.

सह्यभटका:
विचारायला हवं होतं. चुकलं. सासूबाईंबद्दल तुम्ही कालच लिहिलं होतं, मी ते घाईत ओलांडलं.

जड बॅगेवर तोडगा आहे, तो मी आधीच लिहायला हवा होता. उत्तरेत श्कोदर शहरात मुक्काम करून मोठी बॅग हॉटेलात ठेवायची. तिथून पहाटे कोमानला जायचं, तलावातून बोट, दोन्हीकडे उभे कडे. मग वाल्बोना हे डोंगरातलं गाव, तिथून खिंड चढून पायी पलीकडचं थेथ गाव, आणि थेथहून परत श्कोदरला. बॅग जागेवर असते. खिंड सुमारे १८०० मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच, सहा ते आठ तास लागतात. सासूबाईंना हे जमणार नाही, पण थेथपर्यंत गाडी थेट जाते.

आणि मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा चालू असेल, एकदा वापरलेला असेल, तर अल्बेनियाचा वेगळा काढावा लागत नाही. सिंगल एंट्री असेल तर बाहेर पडल्यावर परत आत घेत नाहीत, एवढं सांभाळा.

मीच ती ताई:
व्हिसा मल्टिपलच आहे, मार्चपर्यंत. सप्टेंबरमध्ये सासूबाई नणंदेकडे असतात. नवऱ्याला सांगितलंय की त्याची बॅग त्याने भरायची, मी उघडून बघणार नाही. त्याने यादी मागितली, ती दिलेली नाही. थेथला सप्टेंबरात रात्री स्वेटर पुरतो का जाकीट लागतं?

सह्यभटका:
दोन्ही घ्या. आणि तिथलं चलन, लेक, रोख ठेवा, वर डोंगरात कार्ड चालेलच असं नाही.

चिंचवडची काकू:
जाकीट तुमचं तुमच्यापुरतंच घ्या.