फँटसी मालिकेतला लाचखोर अधिकारी, खलनायक म्हणून जमत नाहीये

तापीकाठ_शिरपूर
राम राम मंडळी, अडकलोय म्हणून विचारतो. दीड वर्षापासून मराठीत एक फँटसी ॲक्शन मालिका लिहितोय, १४ भाग झालेत. जग आपल्या खानदेशासारखंच आहे, वरती सातपुड्यासारखा डोंगर, मधून सूर्याची लेक असलेली नदी आणि बऱ्हाणपूरजवळच्या आसीरगडासारखा एक किल्ला, जो माझ्या गोष्टीत कोणी लढून घेतलेला नाही. नायिका डोंगरातली तिरंदाज आहे, राक्षस आहेत, डोहातली भुतं आहेत, मारामारी भरपूर आहे आणि ती वाचणाऱ्यांना आवडते. अडचण आहे मुख्य खलनायकाची. तो राक्षस नाही, परगण्याचा कमाविसदार म्हणजे सरकारी वसुली बघणारा अधिकारी आहे, पैसे खातो आणि पुढे किल्ल्याचा दरवाजा शत्रूला विकणार आहे. मी त्याला ढेरपोट्या, दहा बोटांत अंगठ्या, मोठमोठ्याने हसणारा असा रंगवला आणि आता तो आला की कोणाला भीतीच वाटत नाही. एका ताईंनी विचारलं की ही पोरगी राक्षस मारते मग याला एका बाणात का नाही संपवत, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला जादू द्यावी का? का मोठी फौज द्यावी? मनापासून विचारतोय, कारण असली माणसं मी बघितलीत आणि लहानपणी भुताची वाटली नाही एवढी भीती त्यांची वाटलीये, पण लिहायला बसलो की ती उतरत नाही.

बोरीकाठ_पारोळा
भाऊ, ढेरी आणि अंगठ्या आधी काढ. मी बघितलेला माणूस सांगतो, ऑफिस कुठलं ते सांगत नाही. आजोबा वारले तेव्हा मी बारावीला होतो, वडिलांसोबत वारस नोंदीसाठी जायचो. साहेब सडपातळ, कपाळाला गंध, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज कधीच चढला नाही. दर वेळी म्हणायचे, "बठा ना बापू, चहा ल्या, काम व्हई जाई." आणि चहा खरंच यायचा. मागे लाल कापडात बांधलेले दप्तराचे गठ्ठे होते, त्यातला आमच्या गावाचा गठ्ठा ते बोटाने दाखवायचे पण खाली काही काढायचे नाहीत. वडील घरून निघताना ठेवणीतलं धोतर नेसायचे, जसं काही लग्नाला चाललेत, आणि परत येताना एसटीत एक शब्द बोलायचे नाहीत. सात महिने असं चाललं. साहेबांनी तोंडाने पैसे मागितलेच नाहीत, बाहेर चहाच्या टपरीवर एक जण बसायचा तो आकडा सांगायचा. वडील नाही म्हणाले. मग एकदाची नोंद धरली, त्यावर हरकतीला १५ दिवसांची मुदत असते, तर चौदाव्या दिवशी गावातल्याच एकाने हरकत टाकली ज्याचा आमच्या बांधाशी पण संबंध नाही. झालं, नोंद तक्रारी ठरली आणि वादाच्या रजिस्टरला गेली. यात साहेबांचा हात कुठे दिसतो सांग? सगळं नियमात.
तुझ्या कमाविसदाराला तलवार देऊच नको. त्याला फक्त थांबवता येऊ दे. आणि ती पोरगी बाण मारणार कोणाला, जो माणूस तिच्या बापाला चहा पाजतोय त्याला?

पांझरा_धुळे
मी शाळेत इतिहास शिकवते म्हणून थोडं लांबण लावते, चालवून घ्या. आसीरगड घेतलाच आहेस तर त्याचा शेवट पण घे. अकबराच्या हातात गड आला जानेवारी १६०१ मध्ये, पण तो भिंत फोडून नाही. खानदेशचा शेवटचा फारुकी सुलतान बहादूरशहा बोलणी करायला खाली उतरला आणि तिथेच अडकवला गेला, तरी गड लढत होता. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल सांगतो की आत रोगराई पसरली होती, आणि जेझुइट पाद्र्यांच्या लिखाणात येतं की आतल्या सरदारांना सोनं वाटलं. इतिहासकार दोन्ही बाजूंनी बोलतात, पण लेखकाला दोन्ही एकत्र घ्यायला कोणी अडवलंय? महिनोन्महिने वेढा, रोज माणसं मरतायत, अशा वेळी आलेलं सोनं त्या माणसाला लाच वाटणारच नाही, सुटका वाटेल. तो बायकापोरांकडे बघून म्हणेल की मी जीव वाचवले. त्याला हे मनापासून वाटू दे.
दुसरं, त्याने पद विकत घेतलेलं दाखव. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे एकेका भागाच्या वसुलीची कामं, मक्त्याने जायच्या, जास्त बोली लावेल त्याला. म्हणजे माणूस सावकाराचं कर्ज डोक्यावर घेऊन यायचा आणि पुढच्या साली दुसरा जास्त बोलला की हा घरी, मग जे काढायचं ते याच वर्षी काढ. त्यात खानदेशात १८०२ नंतर होळकरांच्या फौजांची लूट आणि पाठोपाठ दुष्काळ, गावंच्या गावं ओस, वसूल करायचा तरी कोणाकडून? तुझा कमाविसदार स्वतः घाबरलेला असला तर जास्त भयंकर होईल.
आणि आमच्या पांझरेची फड पद्धत वापर ना रे! बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे मोठे तुकडे, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी सोडणारा पाटकरी सांगेल तशी पाण्याची पाळी. गावाने गावासाठी चालवलेली गोष्ट आहे ही. तिथे तुझ्या माणसाला पाणी चोरायची गरजच नाही, त्याने फक्त पाळीचा क्रम बदलायचा. शेवटच्या माणसाची पाळी लांबत गेली की ऊस मान टाकतो.

अनेर_चोपडा
मला हे सगळं पटलं पण फँटसी आहे, जादू पाहिजेच. त्याच्या वहीलाच जादू दे. जे लिहिलं ते होतं. जित्या माणसाला मयत लिहिलं की त्याची सावली जाते, घरचे समोर बसून त्याला ओळखत नाहीत. कागदावर मेलेली जिती माणसं आपण ऐकलेली आहेतच.
आणि शेवटी त्याला सोन्यासकट पकडा. लाचेच्या सापळ्यात नोटांना पावडर लावतात आणि सोड्याच्या पाण्यात हात बुडवला की पाणी गुलाबी होतं, तसं त्याचे हात नदीत बुडवल्यावर नदी लाल व्हावी.

बोरीकाठ_पारोळा
वही एकदम भारी, पण हात लाल होणार नाहीत दादा. त्याने सोन्याला हात लावलेलाच नसतो, टपरीवरचा माणूस लाल होईल आणि साहेब दुसऱ्या परगण्यात बदलून जातील.
वहीला एक बंधन पाहिजे, नाहीतर तो नायिकेलाच मयत लिहून मोकळा होईल. पंच ठेव. दोन पंचांचा अंगठा असल्याशिवाय लिहिलेलं खरं होत नाही, आणि पंच त्याच गावचे पाहिजेत. आमच्या हरकतीवर ज्याची सही होती तो माणूस आजोबांच्या तिरडीला खांदा द्यायला होता. वडिलांना साहेबांपेक्षा ते जास्त लागलं, अजून ते त्याच्या दारावरून जात नाहीत, मागच्या गल्लीने जातात.

तापीकाठ_शिरपूर
काल रात्री हे दोनदा वाचलं आणि भाग १५ पूर्ण खोडला. ताई, पाळीचं वाचून तर उठून बसलो.
आता असं केलंय. नायिकेच्या बापाला मयत लिहिलंय. ती गढीत रात्री शिरते, वही शोधते, पहाऱ्यावरचा राक्षस मारते (मारामारी ठेवलीये, वाचणाऱ्यांना लागते), पान उघडते आणि खाली दोन अंगठे बघते. एकाच्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा व्रण आहे, तो ती ओळखते. तो तिचा मामा आहे, ज्याने तिला धनुष्य धरायला शिकवलं. मामाचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला आहे आणि त्या उन्हाळ्यात त्याच्या उसाला दोनच पाळ्या मिळाल्या होत्या, तिसरी अंगठ्यानंतर मिळाली.
कमाविसदार त्या वेळी तिथेच बसलेला आहे, पळत नाही, ओरडत नाही. बाण ताणलेला असताना तो तिला म्हणतो, "बठ ना माय, चहा ले." बोरीकाठ भाऊ, तुमची हरकत नसेल तर ते वाक्य तसंच ठेवतो. आणि एक विचारायचं होतं, पंचाने आपला अंगठा मागे घेतला तर लिहिलेलं पुसलं जावं का, का फक्त फिकट व्हावं?

बोरीकाठ_पारोळा
वाक्य ठेव भो, खुशाल ठेव. पुसू नको, फिकट कर. आमची नोंद नंतर झाली, पण जुन्या कागदावर ती हरकत अजून वाचता येते.