नखशिखांत निळा पोशाख: छटा तंतोतंत जुळवाव्यात की वेगळ्या ठेवाव्यात?

प्रश्न

डिसेंबरमध्ये नाशिकला धाकट्या भावाचा साखरपुडा आहे. कार्यक्रम दुपारी चारला उघड्या लॉनवर सुरू होऊन रात्रीच्या जेवणापर्यंत चालेल. माझ्याकडे गडद नेव्ही ब्लू रंगाची, गुळगुळीत लोकरमिश्रित कापडाची पँट आहे आणि ती अंगाला इतकी नेमकी बसते की तिच्याऐवजी दुसरी शिवावी असे वाटत नाही. तिच्यावर शर्ट आणि जाकीटही निळेच घ्यावे, असा विचार आहे. माझी उंची बेताची असल्यामुळे कमरेपाशी रंग तुटला नाही तर बरे दिसेल, अशी माझी समजूत आहे. तिन्ही कपडे एकाच छटेचे घेतले तर तो गणवेश वाटेल आणि छटा किंचित चुकली तर जोड जमली नाही असे दिसेल, ही माझी अडचण आहे. यातून वाट कशी काढावी? बूट आणि पट्टा कोणता घालावा, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपली अडचण अगदी रास्त आहे, पण छटा जुळवण्याच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्याला खुपतो तो किंचित फरक. ठळक फरक मुद्दाम ठेवलेला आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळते. म्हणून पँट गडद आहे तर शर्ट चांगला फिकट घ्यावा आणि जाकीट पँटीइतकेच गडद, पण वेगळ्या पोताचे असावे. जाकीट व पँट दोन्ही गडद राहिल्याने खांद्यापासून पायापर्यंतची रेघ तुटत नाही आणि फिकट शर्टाची समोर फक्त उभी पट्टी दिसते, त्यामुळे उंचीचा आपला हेतूही साधतो.

शर्टासाठी शाम्ब्रे पाहावे. त्यात उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात, त्यामुळे लांबून फिकट निळे दिसणारे कापड जवळून पाहिले की त्यात पांढरे कण दिसतात आणि सपाट रंगाचा कंटाळवाणेपणा राहत नाही. जाकिटासाठी कॉर्डरॉय सुचवेन. नाशिकच्या डिसेंबरमधल्या संध्याकाळी ते जडही वाटणार नाही. मात्र त्याला मखमलीसारखी लव असते आणि लवेची दिशा बदलली की तोच रंग गडद किंवा फिकट दिसतो. जाकिटाचे सगळे भाग एकाच दिशेने बेतायला शिंप्याला आधीच बजावून सांगावे, नाहीतर एक बाही वेगळ्याच निळ्याची वाटेल.

प्रतिसाद २

कापडाच्या व्यवसायात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून खरेदीपुरते सांगतो. सुती कापडाचे रंग वेगळ्या जातीचे, पॉलिएस्टरचे वेगळे आणि लोकरीचे आणखी वेगळे असतात. त्यामुळे दुकानातल्या दिव्याखाली हुबेहूब जुळलेली दोन निळी कापडे उन्हात नेली की एक जांभळट आणि दुसरे हिरवट दिसू शकते. यात दुकानदाराची लबाडी नसते. प्रकाश बदलला की दोन रंगद्रव्यांचे वागणे बदलते. आपला कार्यक्रम उन्हात सुरू होऊन दिव्यांखाली संपणार असल्याने हे आपल्याला विशेष लागू आहे. पँट सोबत न्यावी, नवे कापड तिच्यावर पसरून आधी दाराशी उजेडात आणि मग आत दिव्याखाली पाहावे. जांभळट झाक असलेले कापड हिरवट झाक असलेल्या कापडाशेजारी घेऊ नये, मग गडदपणा कितीही जुळत असो. मोबाइलवरच्या छायाचित्रावरून हे ठरवता येत नाही.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत नाही. तंतोतंत एकच छटा अतिशय भारदस्त दिसते, मात्र दोन्ही कपडे एकाच ताक्यातून कापलेले असावे लागतात. बंदगळा आणि पँट असा जोड शिवायचा तर मोठ्या पन्ह्याचे साधारण ३.२५ मीटर कापड एकदम घ्यावे. पुढच्या महिन्यात तेच कापड म्हणून आणलेला तुकडा वेगळ्या घाण्यात रंगवलेला असू शकतो. आपली पँट जुनी असल्याने आपल्याला हा मार्ग बंद आहे, एवढेच.

पांढऱ्या रंगात ही गोष्ट अधिक तीव्रतेने जाणवते. गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर शुभ्रता वाढवणारे द्रव्य चढवलेले असते आणि ते उन्हात निळसर चमकते. त्याच्या शेजारी न धुवटलेल्या खादीचा सुंदर सायीसारखा रंग विनाकारण मळकट वाटतो. सदरा आणि लेंगा एकाच कापडाचे शिवण्याची आपल्याकडची जुनी रीत मला यासाठीच फार शहाणपणाची वाटते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शाम्ब्रेचा शर्ट आणि कॉर्डरॉयचे जाकीट हे पक्के करतो. पट्टा आणि बूट निळेच शोधावेत का?

प्रतिसाद १

निळे चामडे शोधू नये. कपड्यांशेजारी ते हमखास चौथी, न जुळणारी छटा होते. गडद तपकिरी बूट आणि त्याच रंगाचा पट्टा घ्यावा, मोजे मात्र पँटीच्या रंगाचे असावेत, म्हणजे बसल्यावरही पायाची रेघ तुटणार नाही. फिकट तपकिरी बूट टाळावेत, कारण गडद निळ्याखाली सगळे लक्ष तेच खेचून घेतात. खिशात रुमाल हवाच असेल तर तो साधा पांढरा असू द्यावा.